रुबी ह्यूज : साडेतीनशे वर्षांपूर्वीचे आणि आजचे गाणे

मंद्रसप्तक (धागालेखक)

पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या गायिकांविषयी आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा ते बहुधा ऑपेराच्या दारातून आत शिरते : अमुक नाट्यगृह, तमुक भूमिका आणि मग तारसप्तकातल्या एखाद्या जागेचे वर्णन. वेल्श सोप्रानो (उंच पट्टीत गाणाऱ्या गायिका) रुबी ह्यूज यांची कारकीर्द त्या दारातून पाहायला गेले तर फारसे हाती लागत नाही, म्हणून त्यांच्यावर स्वतंत्र धागा काढतो आहे. त्यांची खरी ओळख त्या कोणत्या रचना निवडतात आणि त्या कोणत्या रचनांच्या शेजारी ठेवतात यावरून होते. एका बाजूला सतराव्या-अठराव्या शतकातले, ज्याला तिकडे ‘अर्ली म्युझिक’ म्हणतात ते संगीत आणि दुसऱ्या बाजूला हयात संगीतकारांनी लिहिलेली गाणी, असा हा संसार आहे. माझे म्हणणे असे की, हे दोन वेगळे छंद नसून एकच काम आहे. दोन्हीकडे श्रोत्याच्या कानात ती रचना आधीपासून वाजत नसते. ‘ला त्राव्हियाता’सारखा लोकप्रिय ऑपेरा गाणाऱ्या गायिकेची तुलना करायला शंभर ध्वनिमुद्रणे असतात. सतराव्या शतकातल्या लुक्रेत्सिया व्हिझ्झाना किंवा आजच्या रियान सॅम्युएल यांच्या रचना गाणाऱ्या गायिकेला मात्र ती रचना कशी वाटावी हे स्वतःच ठरवावे लागते.

चरित्राचा भाग लवकर उरकतो. त्यांच्या आई एलिझाबेथ फ्रिच या विसाव्या शतकातल्या ब्रिटिश मृत्पात्रकलेतले मोठे नाव असून मातीकडे वळण्यापूर्वी त्या लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये हार्प शिकत होत्या. रुबी यांनीही आधी चेलो हाती घेतला आणि गायनाकडे त्या नंतर वळल्या. म्युनिक आणि लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक येथे त्यांचे गायनाचे शिक्षण झाले. २००९ हे वर्ष निर्णायक ठरले. लंडन हँडेल गायन स्पर्धेत त्यांना पहिले पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी रने याकोब्स यांच्या संचालनाखाली व्हिएन्नाच्या थिएटर आन देर वीनमध्ये रॉसिनीच्या ‘तान्क्रेदी’त त्यांनी रोज्जेरोची भूमिका केली. २०११ ते २०१३ या काळात त्या बीबीसीच्या ‘न्यू जनरेशन आर्टिस्ट्स’ योजनेत होत्या. ही योजना स्पर्धा नव्हे. निवडलेल्या तरुण कलावंतांना सुमारे दोन वर्षे रेडिओवरील ध्वनिमुद्रणे, मैफली आणि बीबीसीच्या वाद्यवृंदांबरोबरचे काम मिळते. खपाची चिंता न करता अनवट रचना गाऊन पाहण्याची अशी संधी खाजगी बाजारात सहसा मिळत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. २०१७ साली बीआयएस या स्वीडिश कंपनीने त्यांचा ‘हिरोइन्स ऑफ लव्ह अँड लॉस’ हा अल्बम काढला. साथीला योनास नूर्डबर्ग यांचे ल्यूट आणि थिऑर्बो (लांब मानेचे, खर्जाच्या तारांचे ल्यूट) आणि मिमे यामाहिरो ब्रिंकमन यांचा चेलो, इतकेच. यात सतराव्या शतकातला इंग्लिश संगीतकार पर्सेल आहेच, पण अल्बमचा गाभा सतराव्या शतकातल्या इटालियन स्त्री-संगीतकारांचा आहे. फ्रान्चेस्का काच्चिनी या फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात पगारी संगीतकार होत्या आणि १६२५ मध्ये त्यांचा ऑपेरा तिथे सादर झाला. बार्बरा स्त्रोत्झी व्हेनिसच्या. १६४४ ते १६६४ या वीस वर्षांत त्यांनी आठ संग्रह छापले, म्हणजे त्या काळच्या कितीतरी पुरुष संगीतकारांपेक्षा अधिक. व्हिझ्झाना बोलोन्याच्या एका मठातल्या जोगिणी. तिथले आर्चबिशप मठातल्या गाण्यावर एकामागून एक निर्बंध घालत असताना १६२३ मध्ये त्यांचा संग्रह व्हेनिसमध्ये छापला गेला. मिलानच्या क्लाउदिया सेस्सा यांची तर १६१३ च्या एका संग्रहातली दोनच गीते आज हाती आहेत.

या अल्बममधल्या स्त्रोत्झींच्या ‘लाग्रिमे मिये’ (संग्रह सातवा, १६५९) या रचनेच्या पहिल्या ओळीवर थोडे थांबतो, कारण आपल्या कानाला तिच्यात काही विशेष सापडेल. खाली मंद्रात षड्ज धरून ठेवलेला असतो. गळा तारषड्जावरून निघतो, शुद्ध निषादावर येतो, तिथे रेंगाळतो आणि मग थेट कोमल धैवतावर उतरतो. स्वर अगदी किरवाणीचे आहेत. आपल्याला तानपुऱ्यावर निषाद ऐकायची इतकी सवय असते की त्यात धक्का बसण्यासारखे काही वाटू नये. पण व्हेनिसच्या १६५९ च्या श्रोत्याला खालच्या षड्जाशी भांडणारा तो निषाद, वर कोणतीही सुटका न देता लांबवलेला, म्हणजे उघडउघड हुंदका होता. रुबी ह्यूज तो निषाद अजिबात कंप न देता लावतात, क्षणभर तसाच ठेवतात आणि कंप येतो तो स्वर सोडताना. थिऑर्बोची तार तोवर विझत आलेली असते, त्यामुळे स्वरांचे ते भांडण जणू गळ्यात एकट्यानेच चाललेले ऐकू येते. मी हा तुकडा अनेकांकडून ऐकला आहे. बहुतेक जण इथे रडतात, या गायिका रडणे आवरतात.

तक्रारही नोंदवतो. या अल्बममध्ये विलापामागून विलाप येतात आणि मध्ये वाद्यसंगीताचे तुकडे असले तरी सलग ऐकताना तिसऱ्या-चौथ्या शोकगीतानंतर कान बधिर होतो. पर्सेलचे ‘बेस ऑफ बेडलम’ येते तेव्हा त्यातल्या वेडाच्या झटक्यांमुळे हायसे वाटते, आणि शोकाच्या अल्बममध्ये वेडेपणाने हायसे वाटावे हे काही फार चांगले लक्षण नाही.

यानंतर २०१८ मध्ये शँडोसने ‘हँडेल्स लास्ट प्रिमा डोना’ हा जूलिया फ्रासी यांच्यावरचा अल्बम काढला. साथीला ऑर्केस्ट्रा ऑफ द एज ऑफ एनलाइटनमेंट, संचालक लॉरेन्स कमिंग्ज. फ्रासी १७४२ मध्ये लंडनला आल्या आणि हँडेलच्या अखेरच्या दशकातल्या ऑरेटोरिओंमध्ये (अभिनयाविना गायल्या जाणाऱ्या, बहुधा धार्मिक संगीतकथांमध्ये) त्याच मुख्य सोप्रानो होत्या : ‘सुझाना’, ‘थिओडोरा’, ‘जेफ्ता’. अनाथालयाच्या मदतीसाठी होणाऱ्या ‘मेसाया’च्या प्रयोगाचा १७५४ चा हिशेब उपलब्ध आहे. त्यात फ्रासींना सहा गिनी दिल्याची नोंद असून बाकीच्या गायकांना त्याहून कमी मिळाले आहेत. एवढी मागणी असलेली ही गायिका पुढे कर्जबाजारी होऊन इंग्लंड सोडून गेली. अल्बमचे वैशिष्ट्य असे की, त्यात हँडेलच्या जोडीला आर्न, चाम्पी आणि जॉन क्रिस्टोफर स्मिथ यांनी याच गळ्यासाठी लिहिलेले संगीत आहे. एकाच गायिकेचा आवाज निरनिराळ्या संगीतकारांनी कसा ओळखला हे त्यातून कळते. हँडेल तिला लांब, सरळ, जवळजवळ उघडी ओळ देतो. आर्न तिला नटवतो.

आणि २०२० चा ‘क्लायटेम्नेस्ट्रा’. बीबीसी नॅशनल ऑर्केस्ट्रा ऑफ वेल्स, संचालक याक फान स्टेन. मालरची र्‍युकर्ट गीते, बर्गची आल्टेनबर्ग गीते (दोन्ही संचांची नावे त्यांच्या कवींवरून) आणि रियान सॅम्युएल यांची अल्बमला नाव देणारी रचना. सॅम्युएल दक्षिण वेल्सच्या अबरडेर गावच्या, जन्म १९४४. ‘क्लायटेम्नेस्ट्रा’ त्यांनी १९९४ मध्ये एस्किलसच्या ‘अगामेम्नॉन’ नाटकावरून लिहिली. याच सॅम्युएल स्त्री-संगीतकारांच्या ‘न्यू ग्रोव्ह’ या संगीतकोशाच्या दोन संपादिकांपैकी एक आहेत, आणि तो कोशही त्याच सुमारास आला. ज्या कोशाने स्त्रोत्झी आणि काच्चिनी अभ्यासकांच्या टेबलावर आणल्या, त्याच्या संपादिकेची रचना त्यांना मैफलीत आणणाऱ्या गायिकेने गावी, यात मला योगायोगापेक्षा निवड अधिक दिसते.

दुसरा दुवा याहून घट्ट आहे. ‘जेफ्ता’ (१७५२) मध्ये फ्रासींनी गायलेली भूमिका इफिसची. बापाने केलेल्या नवसापायी बळी जाऊ घातलेली ही मुलगी. बायबलमध्ये तिला नावच नाही. संहिताकार थॉमस मॉरेल यांनी वापरलेले ‘इफिस’ हे नाव सोळाव्या शतकातल्या जॉर्ज ब्यूकॅनन यांच्या लॅटिन नाटकात आधीच होते आणि ते ग्रीक इफिजेनियाची आठवण करून देते. इफिजेनिया म्हणजे क्लायटेम्नेस्ट्राची मुलगी, जिला अगामेम्नॉनने युद्धाला वारा मिळावा म्हणून बळी दिले. म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन अल्बममध्ये एकीकडे मुलीची भूमिका प्रथम गाणाऱ्या फ्रासी आहेत, दुसरीकडे आई. मुलगी मान्य करते. आई नवऱ्यावर कुऱ्हाड उचलते. १७५२ च्या लंडनमध्ये देवदूत येऊन मुलीला वाचवतो, एस्किलसकडे कोणी येत नाही.

तुम्ही यांचे काय ऐकले आहे? असहमती असल्यास जरूर लिहा.

---

कार्डिफवासी

उत्तम धागा. वेल्सची पार्श्वभूमी थोडी जोडतो. बीबीसीच्या या वाद्यवृंदाचे घर म्हणजे कार्डिफ बेमधला हॉडिनॉट हॉल. तो २००९ मध्ये उघडला आणि वेल्स मिलेनियम सेंटरच्या इमारतीतच आहे. सभागृह लहान आणि लाकडी असल्यामुळे मालरच्या आकाराचा वाद्यवृंद तिथे वाजतो तेव्हा श्रोता त्याच्या मांडीवर बसल्यासारखा असतो. शहरातले मोठे सभागृह, सेंट डेव्हिड्स हॉल, छतातल्या काँक्रीटच्या दोषामुळे सप्टेंबर २०२३ मध्ये बंद करावे लागल्यापासून या छोट्या सभागृहाचे मोल आणखी वाढले आहे.

वेल्श गायक म्हटले की चॅपल, खाणकामगारांचे पुरुषवृंद आणि आइस्टेडव्हड (वेल्श काव्य-संगीताचा स्पर्धामहोत्सव) हे तिन्ही शब्द आलेच पाहिजेत असा दंडक आहे. रुबी ह्यूज यांच्या बाबतीत तो फारसा लागू पडत नाही, पण वेल्समध्ये समूहगायन इतके खोल का रुजले याचे एक तांत्रिक कारण आपल्या मंडळींना आवडेल. एकोणिसाव्या शतकात तिथल्या चॅपलांनी पाच रेघांचे स्वरलेखन बाजूला ठेवून जॉन कर्वेन यांची टॉनिक सोल्-फा पद्धत उचलली. तिच्यात षड्ज कोणत्याही पट्टीत ‘डो’च राहतो आणि बाकीचे स्वर त्याच्या नात्याने, अक्षरांनी लिहिले जातात. म्हणजे व्यवहारात सरगमच. ज्याला वाद्य परवडत नाही त्याला या पद्धतीने चार स्वरस्तरांचे भजन कागदावरून वाचता येऊ लागले.

अवांतर : वेल्श मिशनऱ्यांनी हीच पद्धत खासी टेकड्यांत आणि मिझोरममध्ये नेली आणि मिझोरममध्ये ती आजही जोमात आहे. ऐजॉलच्या चर्चमधली अक्षरांची पुस्तके पाहिली तर कार्डिफच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात बसल्यासारखे वाटते.

---

तळेगावकर

लेख अभ्यासपूर्ण आहे, मात्र मूळ प्रतिपादनाशी मी सहमत नाही.

पहिली गोष्ट, विषय ठरवून केलेले असे अल्बम हे अलीकडच्या ध्वनिमुद्रण व्यवसायाचे अपत्य आहे. पूर्वी कंपन्या पूर्ण ऑपेरा मुद्रित करीत. आता तो खर्च झेपत नाही, म्हणून इकडून एक विलाप, तिकडून एक आरिया (ऑपेरातले एकल गीत) घेऊन त्यावर आकर्षक शीर्षक चढवायचे. डायडोचा विलाप घ्या. पर्सेलचा ‘डायडो अँड ईनियस’ हा ऑपेरा १६८९ च्या सुमारास चेल्सीतल्या मुलींच्या शाळेत झाला. सबंध प्रयोग एका तासाचा आणि विलाप अगदी शेवटी. चेटकिणींचा गोंधळ, खलाशांचे टवाळ गाणे, ईनियसचा दुबळा खुलासा हे सगळे होऊन गेल्यावर तो येतो म्हणून तो चिरतो. खालचा तो उतरता खर्ज, सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प असा एकेक पायरी खाली जाणारा, नाटकात त्या बाईच्या पायाखालची जमीन काढून घेत असतो. अल्बममध्ये तो नुसती सुंदर चाल उरतो.

दुसरी गोष्ट, जुन्या आणि नव्या संगीतात ‘एकच काम’ आहे हे ऐकायला गोड वाटते. पण जुन्या संगीतात गायिकेला भर घालावी लागते, अलंकार स्वतःचे करावे लागतात. बर्गच्या किंवा आजच्या संगीतकाराच्या पानावर प्रत्येक स्वराला खूण असते आणि तिथे आज्ञापालन करावे लागते. ही दोन कामे परस्परविरुद्ध आहेत.

---

रेवा

तळेगावकर यांच्या दुसऱ्या मुद्द्याला पुस्ती जोडून एक प्रश्न विचारते. मी स्वतः काही वर्षे पाश्चात्त्य पद्धतीने गायन शिकले आहे. आमच्या बाई ‘अर्ली म्युझिक’च्या गायिकांविषयी बोलताना ‘पांढरा आवाज’ असा शब्द वापरीत आणि त्यात कौतुक अजिबात नसे. कंप नाही, छातीचा आधार कमी, मोठ्या वाद्यवृंदापुढे ऐकूच येणार नाही, असा त्यांचा आक्षेप. रुबी ह्यूज मालर गातात म्हणता, तर तिथे हा आवाज पुरतो का? आणि काच्चिनींच्या काळातल्या अलंकारांचे त्या नेमके काय करतात?

---

मंद्रसप्तक

रेवाताई, प्रश्न अगदी योग्य जागी आहे आणि त्यातच तळेगावकरांच्या दुसऱ्या मुद्द्याचे उत्तरही आहे.

आधी अलंकार. फ्रान्चेस्का यांचे वडील आणि गुरू जूलिओ काच्चिनी यांनी १६०२ च्या आपल्या ग्रंथात गळ्याच्या अलंकारांची सविस्तर चर्चा केली आहे. त्यातला ‘त्रिल्लो’ म्हणजे शेजारच्या स्वराशी झुलणे नव्हे. एकच स्वर घशात पुनःपुन्हा, आधी सावकाश आणि मग झरझर, ठोकायचा. आवाजावर सतत कंप असेल तर हा अलंकार ऐकूच येत नाही, कारण सारेच थरथरत असते. म्हणून या संगीतात सरळ स्वर ही पार्श्वभूमी असते आणि कंप हा अलंकार. वाद्यमेळ लहान असतो, बरोक वाद्ये आजच्यापेक्षा साधारण अर्ध्या स्वराने खाली मिळवलेली असतात, त्यामुळे गळा ताणावा लागत नाही आणि शब्द बोलण्याच्या अंतरावर राहतात.

आता बर्ग. आल्टेनबर्ग गीतांमधल्या पहिल्या गीतात वाद्यवृंदाची लांब प्रस्तावना झाल्यावर गायिका प्रवेश करते ती शब्दाने नव्हे. ओठ मिटून गुणगुणायचे, मग ओठ अर्धवट उघडायचे आणि आवाज एखाद्या उसाशासारखा यावा नि जावा, अशी बर्गची लेखी सूचना आहे. प्रचंड वाद्यवृंद मागे उभा आणि समोर मिटल्या ओठांचा एक स्वर! इथे तुमच्या बाईंना हवा असलेला भरदार आवाज काहीच कामाचा नाही. जिने सतराव्या शतकातले ते थेंबथेंब स्वर घोटले आहेत तिच्याजवळ हा स्वर तयार असतो. या गीतांपैकी दोन गीते व्हिएन्नात ३१ मार्च १९१३ रोजी सादर झाली तेव्हा सभागृहात हशा आणि मग हाणामारी होऊन कार्यक्रम बंद पडला होता. पाचही गीते एकत्र ऐकायला जगाला १९५३ पर्यंत थांबावे लागले.

आणि मालरच्या दुसऱ्या सिंफनीत (मिनेसोटा ऑर्केस्ट्रा, संचालक ऑस्मो व्हान्स्का, हेही बीआयएसचे मुद्रण, दुसऱ्या गायिका साशा कुक) सोप्रानोचे काम वाद्यवृंदावर मात करण्याचे नसतेच. शेवटच्या भागात समूह अगदी दबक्या आवाजात सुरू होतो, सोप्रानो त्याच्यातच मिसळून गात असते आणि ओळीच्या ओघात तिचा आवाज नकळत समूहातून वर तरंगतो. जाड कंपाची गायिका पहिल्याच अक्षराला ओळखू येते आणि सारा परिणाम जातो. अर्थात हाच आवाज घेऊन त्यांनी वाग्नरच्या ऑपेरातली ब्र्युनहिल्डेची दणदणीत भूमिका गावी असे मी म्हणणार नाही, आणि त्याही म्हणत नसाव्यात.

तळेगावकर, डायडोविषयी तुमचे म्हणणे मान्य आहे. तो विलाप ऑपेरातच ऐकावा. पण स्त्रोत्झींच्या रचनांना मागे ऑपेरा नाहीच. त्या दिवाणखान्यात, मोजक्या माणसांपुढे, बहुधा स्वतः संगीतकर्तीच्याच गळ्यातून होत असत. त्यांच्यासाठी तीन माणसांचा हा अल्बम हेच मूळ घर आहे. भर घालणे आणि आज्ञा पाळणे यांतला विरोधही मला तितका कडवा वाटत नाही. संगीतकार हयात असला की गायिका तालमीत त्याला विचारू शकते, जागा बदलून घेऊ शकते. ह्यू वॉटकिन्स यांचेच पाहा. मूळचे वेल्सचेच हे संगीतकार रुबी ह्यूज यांच्या साथीला पियानोवर बसतात, आणि ‘एको’ हे गीतचक्र त्यांनी त्यांच्यासाठीच लिहिले. ज्याने लिहिले तोच साथीला बसला आहे. स्त्रोत्झींच्या दिवाणखान्यातली व्यवस्था याहून फार वेगळी नव्हती.

---

जुनेपाने

धाग्याच्या विषयाला धरूनच, पण शेजारच्या घरात डोकावतो. याच दोन टोकांवर काम करणारी दुसरी वेल्श सोप्रानो म्हणजे एलिन मनहन टॉमस. स्वान्झीजवळच्या गोरसाइनन गावच्या. केंब्रिजमध्ये अँग्लो-सॅक्सन, नॉर्स आणि केल्टिक या विषयाचा अभ्यास, मग मॉन्टेव्हर्डी क्वायर आणि द सिक्स्टीन अशा वृंदांत गाणे आणि तिथून एकल गायनाकडे. हा रस्ता रुबी ह्यूज यांच्यापेक्षा वेगळा आहे. वृंदातून आलेल्या गायिकेचा सूर सहसा हलत नाही.

त्यांच्या कारकिर्दीतल्या दोन ठळक गोष्टी १७१३ या एकाच सालच्या आहेत आणि दोन्ही राजघराण्यातल्या वाढदिवसाच्या आहेत. पहिली बाखची. मे २००५ मध्ये लाइपझिगच्या बाख अभिलेखागाराचे संशोधक मिखाएल माउल यांना वायमारच्या आना आमालिया ग्रंथालयाच्या संग्रहात एक अज्ञात आरिया सापडली. ड्यूक विल्हेल्म अर्न्स्ट यांच्या बावन्नाव्या वाढदिवसानिमित्त लिहिलेल्या बारा कडव्यांच्या कवितेला बाखने सोप्रानो आणि तंतुवाद्यांसाठी चाल दिली होती. सप्टेंबर २००४ मध्ये त्या ग्रंथालयाला मोठी आग लागली होती आणि हे कागद ज्या खोक्यात होते ते त्या वेळी दुसरीकडे नेलेले असल्यामुळे वाचले. बाखची अज्ञात गायनरचना सुमारे सत्तर वर्षांत सापडली नव्हती. जॉन एलियट गार्डिनर यांनी तिचे पहिले ध्वनिमुद्रण केले ते एलिन यांच्या आवाजात. आता ‘जुने संगीत’ आणि ‘नवे संगीत’ यांतला फरक इथे काय राहिला? तीनशे वर्षांपूर्वीची रचना, पण जिवंत माणसांपैकी कोणीही कधीच न ऐकलेली. मंद्रसप्तक म्हणतात त्या मुद्द्याला यापेक्षा चांगला दाखला नसेल.

दुसरी रचना हँडेलची, राणी अ‍ॅनच्या वाढदिवसासाठीची. तिचा प्रारंभ, एक गळा आणि एक ट्रम्पेट, जवळजवळ तालाविना एकमेकांना उत्तर देत जाणारे. मुळात ते रिचर्ड एल्फर्ड या उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकासाठी होते. एलिन यांनी ते लंडनच्या २०१२ च्या पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात गायले आणि मे २०१८ मध्ये विंडसरला प्रिन्स हॅरी आणि मेगन मार्कल यांच्या विवाहात, डेव्हिड ब्लॅकॅडर यांच्या ट्रम्पेटसह. तेवढ्या दोन-तीन मिनिटांत या गायिकेला जितक्या लोकांनी ऐकले असेल तितके उरलेल्या साऱ्या कारकिर्दीत मिळून ऐकले नसेल.

समकालीन बाजूला जॉन टॅव्हनर यांच्या ‘रिक्विएम’चा पहिला प्रयोग, लिव्हरपूलच्या मेट्रोपॉलिटन कॅथीड्रलमध्ये, २००८. कॅथलिक प्रार्थनेच्या लॅटिन मजकुराबरोबर त्यात कुराण, सूफी काव्य आणि हिंदू ग्रंथांतली वचने गुंफलेली आहेत आणि गायक-वादक त्या गोलाकार इमारतीत निरनिराळ्या जागी उभे राहतात.

---

तळेगावकर

जुनेपाने यांचा बाखचा दाखला वजनदार आहे. तरीही एक शंका उरतेच. स्त्री-संगीतकार, मातृत्व, शोक अशा विषयांवर अल्बम निघतात तेव्हा श्रोता संगीत ऐकतो की विषय? रुबी ह्यूज यांचा २०२१ चा, जोसेफ मिडल्टन यांच्या पियानोसोबतचा अल्बम मी ऐकला आहे. त्यात मालरची मृत मुलांवरची गीते आणि स्कॉटिश संगीतकार हेलन ग्राइम यांचे ‘ब्राइट ट्रॅव्हलर्स’. फिओना बेन्सन यांच्या या कविता गर्भारपण, गर्भपात आणि बाळंतपण यांच्या आहेत. विषयाची जुळणी इतकी अचूक आहे की मला ती अंगावर येते.

---

रेवा

तळेगावकर, मी तो अल्बम ऐकला आहे आणि माझा अनुभव उलट आहे. मालर ज्यांच्यावर गीते लिहितो त्या कविता बापाच्या आहेत. र्‍युकर्टने स्वतःची दोन मुले गमावल्यावर त्या लिहिल्या. त्यांत आई खोलीत येते, पण तिला आवाज नाही. ग्राइम यांच्या गीतांत आईचे शरीरच बोलते. पियानो वरच्या पट्ट्यांत लहानलहान, काचेसारखे आघात करीत राहतो आणि गळा त्यांच्या मधून वाट काढतो. आनंदाच्या ओळीतही तो आधार सापडू देत नाही. हे दोन संच शेजारी ठेवले नसते तर मालरमधली ती गप्प आई माझ्या लक्षात आली नसती. त्यामुळे जुळणी अंगावर येते हे खरे, पण मला ते चालते.

माझी अडचण वेगळी आहे. हे अल्बम विकत घेण्याची सोय मुंबई-पुण्यात जवळपास संपली आहे. सुरुवात कुठून करावी?

---

मंद्रसप्तक

रेवाताई, मालरमधल्या आईचे निरीक्षण फार आवडले.

ऐकण्याच्या सोयीविषयी : बीआयएस कंपनी २०२३ मध्ये अ‍ॅपलने घेतली, त्यामुळे तिचे सगळे भांडार त्यांच्या अभिजात संगीताच्या अ‍ॅपवर आहे. शँडोसही २०२४ मध्ये नॅक्सॉसच्या मालकांकडे गेली. दोन्ही कंपन्या अनेक दशके संस्थापकांच्या घरच्या होत्या. नवे मालक सेस्साची दोन गीते मुद्रित करायला पैसे देत राहतील का, हे पुढच्या काही वर्षांत कळेलच. पुस्तिका वाचल्याशिवाय मात्र ऐकू नका. इटालियन शब्द समोर नसतील तर स्त्रोत्झींचे अर्धे काम वाया जाते, कारण त्या शब्दागणिक चाल बदलतात.

सुरुवात ‘लाग्रिमे मिये’पासून करावी, एवढी एकच रचना, बाकीचा अल्बम त्या दिवशी नको. मग फ्रासींच्या अल्बममधले हँडेल. त्यानंतर ‘एको’ (२०२२). त्यात ब्रिटनने पियानोसाठी बांधलेले पर्सेल आणि बाख आहेत, वॉटकिन्स आहेत आणि एरोलिन वॉलन, शेरिल फ्रान्सेस-होड, डेबोरा प्रिचर्ड या तीन हयात स्त्री-संगीतकारही आहेत. सॅम्युएल यांची ‘क्लायटेम्नेस्ट्रा’ सर्वांत शेवटी ऐका आणि त्याआधी ‘अगामेम्नॉन’ नाटक एकदा वाचून काढा. तळेगावकर, तुम्ही मात्र उलट क्रमाने ऐकून इथे लिहा. विषय आधी माहीत नसताना त्या कुऱ्हाडीच्या प्रसंगातला वाद्यवृंद तुम्हाला कसा वाटतो, हे जाणून घ्यायचे आहे.

---

तळेगावकर

आव्हान स्वीकारले. मात्र पुस्तिका न उघडता ऐकेन, आणि लिहीनही तसेच.